सिनेमात पैसे घालताय? आधी बोटीचा हिशोब समजून घ्या

वाणगावकडचे एक बागायतदार काका गेल्या उन्हाळ्यात माझ्या बोईसरच्या ऑफिसात आले. मी इथे कर सल्लागार आहे. त्यांच्या घरची विवरणपत्रं वीस वर्षं माझ्याकडेच असतात. त्यांनी पिशवीतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. आत सहा पानांची गोष्ट होती, एक रंगीत पोस्टर होतं, एका पानावर १ कोटीचं अंदाजपत्रक होतं आणि खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘आपला सहभाग २५ लाख, वर्षात दुप्पट.’ काकांच्या वाडीचा एक तुकडा प्रकल्पात गेला होता आणि मोबदला बँकेत पडून होता. ‘‘पोरगा हुशार आहे, आपल्याच तालुक्यातला आहे. देऊ का?’’ एवढंच त्यांना विचारायचं होतं.

असं विचारणारे काका एकटे नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत इथल्या जमिनीवर एकामागून एक रेघा ओढल्या गेल्या: मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई–वडोदरा महामार्ग, बोईसरला थांबणारी बुलेट ट्रेन. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. ज्या घरांनी कधी पाच लाख एकत्र पाहिले नव्हते, त्यांच्या पासबुकात मोठे आकडे आले. तारापूर एमआयडीसीत लहानसं युनिट चालवून दोन पैसे बाजूला टाकलेले लोकही आहेतच. या पैशाच्या मागे आधी प्लॉटवाले आले, मग विमावाले, आता सिनेमावाले येतात.

सिनेमा आपल्याला परका नाही. उंबरगावच्या स्टुडिओत ‘रामायण’ मालिका उभी राहिली तेव्हा डहाणू-बोर्डीची माणसं ती पाहायला जात. नायगावला मालिकांचे सेट लागतात. वसईच्या किल्ल्यात हिंदी सिनेमांपासून कोल्डप्लेच्या गाण्यापर्यंत चित्रीकरणं झाली आहेत. पण चित्रीकरण पाहिलं म्हणून सिनेमाचा हिशोब कळत नाही. हे मी अनुभवाने सांगतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन मित्रांबरोबर मीही एका चित्रपटात ३ लाख रुपये घातले होते. करार एक पानाचा होता आणि त्यात ‘निव्वळ नफ्यात १० टक्के’ असं लिहिलं होतं. चित्रपट पुरा झाला, एक आठवडा लागला आणि उतरला. निव्वळ नफा म्हणजे कशातून काय वजा केल्यावर उरलेला, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. हिशोब मागायचा हक्कही लिहिलेला नव्हता. पैसे बुडाले की कुठे मुरले, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणारा माणूस मी, पण त्या कागदावर सही करताना एकही प्रश्न विचारला नाही. याची बोच अजून आहे आणि हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

निर्माता नेमका कोण?

पहिली गफलत शब्दातच होते. पैसे देणारा तो निर्माता, अशी आपली समजूत असते. कारखान्याला बँक कर्ज देते म्हणून बँकेचा मॅनेजर प्लांट चालवत नाही. सिनेमातही तसंच आहे. व्याजावर पैसे देणारा फायनान्सर. नफ्यात वाटा घेऊन भांडवल घालणारा गुंतवणूकदार, त्याला बहुधा ‘सहनिर्माता’ असं नाव मिळतं. पोस्टरवर सगळ्यात वर ज्याचं नाव झळकतं तो प्रस्तुतकर्ता, म्हणजे बऱ्याचदा तयार चित्रपट बाजारात नेणारी मोठी कंपनी. रोजच्या रोज युनिट चालवतो, गाड्या, जेवण, जनरेटर, लॉज, कॉल शीट बघतो तो लाइन प्रोड्यूसर किंवा निर्मिती व्यवस्थापक. आणि ज्याच्या डोक्यावर हे सगळं असतं, कथा विकत घेण्यापासून चित्रपट लागून गेल्यावर पाच-दहा वर्षं हिशोब देत राहण्यापर्यंत, तो निर्माता.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ दिग्दर्शक नसून निर्माता असतो, आणि चित्रपट प्रकाशित झाल्यावर ६० वर्षं तो हक्क टिकतो. म्हणून निर्मात्याचं नाव ही सातबाऱ्यावरच्या नावासारखी गोष्ट आहे. तुमचं नाव ‘सहनिर्माता’ म्हणून पडद्यावर आलं पण हक्काच्या कागदावर नसेल, तर तुम्ही जमिनीचे मालक नाही, नुसते बांधावर उभे आहात.

निर्माता काय करतो हे मला सगळ्यात नीट कळलं ते ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाच्या गोष्टीतून. विवेक गोम्बर यांनी त्यात वकिलाची भूमिका केली आणि तेच निर्माते होते. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाला त्यांनी आधी पटकथा लिहिण्यासाठी दरमहा पैसे दिले, म्हणजे पहिला खर्च केला तो कागदावर. त्या चित्रपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं आणि भारतातर्फे तो ऑस्करला गेला. आपल्याकडे येणाऱ्या फायलींत मात्र लेखनाला बहुतेक वेळा शून्य किंवा शेवटी उरलेले पैसे दाखवलेले असतात. फाइल हातात आली की मी आता पहिल्यांदा तो रकाना बघतो.

लेखनानंतरची कामं भराभर सांगतो. कथा कादंबरीवर किंवा कुणाच्या आयुष्यावर असेल तर लेखी हक्क घेणं. पटकथा लेखकांच्या संघटनेत नोंदवणं. चित्रपटाचं नाव निर्मात्यांच्या संस्थेत किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात नोंदवणं. अंदाजपत्रक, वेळापत्रक, कलाकार-तंत्रज्ञांचे करार, विमा. मग परवानग्या. फलाटावर कॅमेरा लावायचा तर पश्चिम रेल्वे, जव्हार-मोखाड्याच्या रानात वनखातं, वसईच्या किल्ल्यात भारतीय पुरातत्त्व विभाग. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या आसपास ड्रोन उडवायचा विचारही मनात आणू नये, ते प्रतिबंधित क्षेत्र आहे. लहान मुलं घेणार असाल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टींत आश्रमशाळेतली मुलं असतातच, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो. नंतर संकलन, ध्वनी, रंगसंस्करण, सेन्सॉर. यातली एक जरी कडी निसटली तर तयार चित्रपट डब्यात राहतो आणि त्यात तुमचे पैसे असतात.

तुमचा नंबर कितवा?

आता मुख्य गोष्ट. हे मी काकांना सातपाटीच्या बोटीवरून समजावलं, कारण त्यांची बहीण तिथे दिलेली आहे आणि तो हिशोब त्यांना पाठ आहे.

बोट पापलेट घेऊन बंदराला लागली, मासळी विकली गेली, हातात रक्कम आली. ती लगेच सगळ्यांत वाटली जाते का? नाही. आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो. मग बोटीचा आणि जाळ्यांचा वाटा निघतो. मग तांडेल, मग खलाशी. प्रत्येक बंदरावरची रीत थोडी निराळी असेल, पण वाटणीचा क्रम बोट पाण्यात जाण्याआधीच सगळ्यांना माहीत असतो. किती मासळी मिळेल ते दर्या ठरवतो, वाटणी कशी होईल ते माणसं किनाऱ्यावर ठरवून जातात. सिनेमात येणारा नवखा माणूस नेमकं उलटं करतो. किती मिळेल याच्या गप्पा मारतो आणि वाटणीचा क्रम विचारतच नाही.

तिकिटाचा रुपया कुठून कुठे जातो ते बघा. मल्टिप्लेक्समध्ये १५० रुपयांचं तिकीट घेतलं. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे (१०० पर्यंतच्या तिकिटाला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के). कर गेल्यावर राहिले सुमारे १२७. त्यातला थिएटरचा वाटा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा मोठा झगडा झाला. त्यातून पहिल्या आठवड्यात वितरक-निर्मात्याकडे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा तोडगा निघाला. लहान चित्रपटाला घासाघीस करायची ताकद कमी असते, पण आपण पहिल्या आठवड्याचा चांगला दर धरू: ६३ रुपये ५० पैसे. त्यातून वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं तर उरले सुमारे ५७.

आता काकांच्या फाइलचा १ कोटी घ्या. त्यात प्रसिद्धी आणि प्रदर्शनाचा खर्च नव्हताच. होर्डिंग, ट्रेलर, वाहिन्यांवरच्या जाहिराती, प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणवाल्यांना द्यायची फी, हे सगळं हात आखडून केलं तरी मी ४० लाख धरले. १ कोटी ४० लाख भागिले ५७ केलं तर जवळजवळ अडीच लाख प्रेक्षक लागतात. दोनशे खुर्च्यांचं थिएटर धरलं तर सव्वाबाराशे हाउसफुल खेळ. तेही फक्त घातलेला पैसा परत यायला, नफ्याचा एक रुपयाही न धरता. काकांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा करून पाहिलं.

म्हणून वर्तमानपत्रात येणारा ‘कोटींचा गल्ला’ वाचताना थांबायला शिका. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला. हा आकडा तिकीटबारीवरचा आहे. निर्मात्यांच्या हातात पडला तो नव्हे. आणि ‘सैराट’, ‘वेड’, ‘बाईपण भारी देवा’ ही नावं तुमच्यासमोर टाकणारा माणूस त्याच वर्षांत लागून दुसऱ्या शुक्रवारी उतरलेल्या चित्रपटांची नावं घेत नाही. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी चित्रपट बनतात. त्यातले किती तुम्हाला आठवतात, एवढं घरी बसून मोजलं तरी अंदाज येतो.

तिकिटाखेरीज उत्पन्नाच्या वाटा आहेत: टीव्हीचे हक्क, ओटीटी, संगीत, दुसऱ्या भाषेतलं डबिंग किंवा रिमेक. मध्यंतरी काही वर्षं वाहिन्या चित्रपट आधीच विकत घेत, त्यामुळे निम्मा खर्च तिथेच सुटे. आता वाहिन्या आणि ओटीटीवाले थिएटरमध्ये काय होतं ते पाहून मग बोलतात. ‘ओटीटीशी बोलणं झालंय’ या वाक्याला कागद नसेल तर किंमत शून्य धरा. सरकारी अनुदानाचंही तेच. मराठी चित्रपटांना राज्य सरकार १९७५ पासून कोणत्या ना कोणत्या रूपात मदत देत आलं आहे आणि अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख असा दर होता. पण चित्रपट पुरा होऊन, लागून, परीक्षण समितीने पाहून दर्जा दिल्यानंतरच ती रक्कम मिळते. नियम गोरेगावच्या चित्रनगरीतल्या सरकारी महामंडळाकडून स्वतः घ्या. अनुदान आलं तर पाऊस चांगला झाला म्हणावं. त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

पडदा मिळणं ही वेगळीच लढाई आहे. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधल्या मराठी प्राइम टाइमसाठी सरकारला बोलावं लागलं. सकाळी नऊचा एकच खेळ मिळालेल्या चित्रपटाचे प्रेक्षक कारखान्यात पहिल्या पाळीला असतात.

तर क्रम असा उभा राहतो: कर, थिएटर, वितरकाचं कमिशन, वितरकाने किंवा प्रस्तुतकर्त्याने लावलेला प्रसिद्धीचा खर्च, व्याजावर कर्ज दिलेला फायनान्सर, आणि मग तुम्ही. तुमचं मुद्दल निघाल्यावर नफ्याचे वाटे. बोलणी ही तुमचा नंबर एक-दोन घरं वर सरकवण्यासाठी करायची असतात. ‘टक्के वाढवा’ म्हणून भांडणारे बरेच भेटतात. शेवटच्या नंबरवरचे ३० टक्के घेण्यापेक्षा वरच्या नंबरवरचे १० टक्के घेतलेले बरे, हे मी माझ्या ३ लाखांत शिकलो.

कागदावर काय हवं

या व्यवसायातले वकील ठाणे-मुंबईत मिळतात आणि त्यांची फी वाचवणं ही सगळ्यात महागडी बचत आहे. तरी वकिलाकडे जाण्याआधी काय मागायचं ते स्वतःला ठाऊक हवं.

पहिलं, पैसा कोणत्या रूपाने देताय ते ठरवा. कर्ज असेल तर व्याज, मुदत आणि तारण लिहा, आणि चित्रपट चालला काय न चालला काय, ते परत मागता येतं. मात्र व्याजाने पैसे देणं हा तुमचा नेहमीचा उद्योग झाला तर २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आड येतो, परवाना लागतो. नफ्यातला वाटा घेणार असाल तर बुडण्याची तयारी ठेवा. त्या एकाच चित्रपटासाठी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढून भागीदार होणं मला बरं वाटतं. पैशाचं खातं वेगळं राहतं, जबाबदारी भांडवलापुरती राहते आणि दरवर्षी हिशोब दाखल करावाच लागतो. साधी भागीदारी असेल तर दुसऱ्याने केलेली उधारी तुमच्या घरापर्यंत येऊ शकते.

दुसरं, हक्क कुणाकडे. कॉपीराइट कायद्यात एक बारकावा आहे जो माणसं मोडून ठेवतो. हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणजे लेखकाकडून घेतलेल्या एका पानाच्या कागदावर या दोन गोष्टी राहून गेल्या, तर सहाव्या वर्षी ज्या चित्रपटात तुमचा वाटा आहे त्याच्या पायाखालची कथाच सरकते. त्याच कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकार यांना थिएटरबाहेरच्या वापरावर मानधनाचा हक्क दिला आहे. तो मागून घेता येत नाही आणि घेऊही नये. त्यांच्या घामाचा तो वाटा आहे.

तिसरं, ‘निव्वळ नफा’ची व्याख्या. काय काय वजा होणार ते नावानिशी आणि जास्तीत जास्त किती, ते आकड्यानिशी. ‘इतर खर्च’ हा शब्द दिसला की खोडा.

चौथं, पैसे टप्प्याने. पटकथा आणि कथेचे हक्क हातात आल्यावर काही, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी काही, संपल्यावर काही, सेन्सॉर प्रमाणपत्रानंतर शेवटचे. एमआयडीसीतला कुणीही उद्योजक मशीन बसण्याआधी पुरवठादाराला पूर्ण पैसे देत नाही. इथेच आपण का देतो? चित्रपटाचं बँक खातं वेगळं असावं आणि त्यावर तुमच्यातल्या एकाची सही असावी. सगळं चेकने. वीस हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घेता येत नाही, दोन लाख किंवा त्यावरची रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. ‘थोडं कॅशमध्ये द्या’ म्हणणारा माणूस तुमचा पुरावाच मागतो आहे.

पाचवं, पूर्वी निगेटिव्ह लॅबमध्ये असे तेव्हा फायनान्सर लॅबकडून पत्र घेई: आमची बाकी चुकती झाल्याशिवाय प्रिंट सोडू नये. आता फिल्मची रिळं गेली, पण हार्ड डिस्क आणि तयार डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी डिजिटल प्रत, कुठल्या तरी स्टुडिओत असतातच. त्या स्टुडिओचं तसं पत्र मागा. बहुतेकांना हे माहीत नसतं आणि खरा जोर याच कागदात असतो.

आणि एक धोक्याची सूचना. काही मंडळी गावातल्या दहा-वीस घरांकडून एक-एक लाख गोळा करून चित्रपट करायला निघतात, आणि दाखला देतात तो ‘मंथन’चा. १९७६ चा तो चित्रपट गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला हे खरं. पण दोन रुपये देणाऱ्या शेतकऱ्याला कुणी दुप्पट करून देतो म्हटलं नव्हतं, आणि मागे त्यांचीच सहकारी संस्था होती. ‘श्वास’ला ऑस्करसाठी लोकांनी पैसे दिले, तीही देणगीच होती. परताव्याचं आश्वासन देऊन चारचौघांकडून ठेवी घेणं हा २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदी कायद्याने गुन्हा आहे, राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहेच. अशा गोळा-बेरजेत नुसते पैसे जातात असं नाही. तुम्ही शेजाऱ्याकडून आणून दिलेले असतील तर शेजारी तक्रार करतो ती तुमच्याही नावाने.

तुमच्या मुलीला नायिका करतो, मुलाला मोठा रोल देतो, असं म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा. यावर अधिक लिहायची गरज नाही.

शिकायचं कसं

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये सिनेमा शिकायला लंडनला गेले ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून. परत आल्यावर सावकार पैसे देईनात, तेव्हा त्यांनी कुंडीत बी लावलं, रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाच्या वाढीचा छोटासा चित्रपट केला आणि तो दाखवला. मग भांडवल मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पैसे देणाऱ्याने काय मागावं, याचं उत्तर त्या कुंडीत आहे. पोस्टर नको, दोन मिनिटांचं चित्रीकरण दाखव. आज ते एका दिवसात, थोड्या पैशांत होतं.

त्याच फाळक्यांची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर नाशिकला हिंदुस्थान कंपनी काढली. भागीदारांना खर्चावर लगाम हवा होता, फाळक्यांना कामात ढवळाढवळ नको होती. दोन-तीन वर्षांत फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले. पुढे परतले, पण तो सांधा पूर्वीसारखा बसला नाही. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती. खर्चाबाबत शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलं नसावं असं मला वाटतं. उलट १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या ‘प्रभात’मध्ये शांतारामबापू, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही चार कामाची माणसं आणि भांडवलासाठी सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. कोण काय करतो हे स्पष्ट होतं आणि तिथून काय काय निर्माण झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

तुम्हाला खरंच या धंद्यात यायचं असेल तर पहिलं वर्ष पैसे न घालता घालवा. प्रभातच्या जागेवरच उभ्या असलेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे लहान मुदतीचे वर्ग असतात. गोव्यात दर नोव्हेंबरला इफ्फीबरोबर फिल्म बाजार भरतो. तिथे निर्माते आपले प्रकल्प कसे मांडतात ते ऐकायला मिळतं आणि आपल्या हातातली फाइल किती कच्ची आहे तेही कळतं. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी १९६८ पासून चालणारी फिल्म सोसायटी आहे, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली असल्याने शेवटची गाडी सांभाळून घरी येता येतं. एखाद्या युनिटमध्ये महिनाभर निर्मिती व्यवस्थापकाच्या हाताखाली पेटी कॅशची वही सांभाळा. पाऊस आल्यावर एका दिवसाचे किती पैसे जातात ते तिथेच कळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ कुणाचं ऐकत नाही, आणि पालघरच्या बाह्यचित्रीकरणाच्या अंदाजपत्रकात १० टक्के अडीनडीचे नसतील तर ते करणाऱ्याला इथला पाऊस माहीत नाही.

मग वीस मिनिटांचा एक लघुपट स्वतः निर्माण करा. विषयांची वाण नाही: तारपा बनवणारे हात, पापलेट कमी झाल्यावरची सातपाटी, अणुऊर्जा केंद्रासाठी पोफरण-अक्करपट्टीहून उठलेली घरं, तिन्ही पाळ्यांत बदलणारी बोईसरची रात्र. लघुपटातून पैसे परत येतील ही अपेक्षा ठेवू नका, ती शिकवणीची फी समजा. पण करार, परवानग्या, हिशोब मोठ्या चित्रपटासारखेच करा. रोहन कानवडे यांनी अनेक वर्षं लघुपट केले आणि मग त्यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या मराठी चित्रपटामागे अनेक निर्मात्यांचं भांडवल एकत्र आलं होतं. म्हणजे लहान गावची, खऱ्या मातीची गोष्ट असेल तर पैसे देणारे आता दादर-अंधेरीपुरते राहिलेले नाहीत. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या जिल्ह्यातून असा एक चित्रपट निघावा, त्यात आपल्याच माणसांचा पैसा असावा आणि तो त्यांना परत मिळावा, एवढ्याचसाठी ही सगळी कागदपत्रांची कटकट सांगतो आहे.

किती घालावं, हेही विचारतात. मोबदल्याच्या रकमेतून आधी कर, कर्ज, मुलांचं शिक्षण आणि जमेल तर बदल्यात जमीन बाजूला काढा. जे उरेल त्यातला असा भाग घाला जो पूर्ण गेला तरी घरातल्या बाईला रात्री झोप लागेल. हा आकडा तिला विचारूनच ठरवा. सहीही तिच्यासमोर करा.

काकांनी त्या मुलाला माझ्या ऑफिसात आणलं. ‘वर्षात दुप्पट’ ही ओळ त्याची नव्हती, मधल्या माणसाने लिहिली होती. मुलाने ती आमच्यासमोर खोडली. गोष्ट खरोखर चांगली आहे. डहाणूच्या चिकूवाडीत दोन मिनिटांचं चित्रीकरण करून त्याने ते मोबाइलवर दाखवलं, तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. २५ लाखांचे ५ झाले आहेत, ते चार टप्प्यांत, एलएलपीच्या खात्यात, मुद्दल परतीत काकांचा नंबर प्रसिद्धीच्या खर्चानंतर लगेचचा. कराराचा तिसरा मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे. प्रसिद्धीचा रकाना अजून कोरा आहे, आणि तो भरेपर्यंत पहिला चेक काकूंच्या कपाटात राहणार आहे.